अर्ध्या ताकदीचं मशीन

शारजा
२६ ऑक्टोबर २०२५

मेघना,

आणि फोन मी आपटला नव्हता, हे पहिलं लिहितो. बॅटरी गेली. तुला खोटं वाटेल, वाटू दे. पण पाडव्याला ओवाळायला व्हिडिओ कॉल लावायचा, आणि ताटातलं निरांजन विझायच्या आत नवऱ्याला म्हणायचं, तुला धंद्यातलं काय कळतं. वर रागावलो म्हणून नाव माझंच.

आता तू म्हणतेस, फोनवर जेवलास का, झोपलास का एवढंच. दुकानाचं काय असेल ते वहीत लिहायचं आणि पानाचा फोटो काढून पाठवायचा, म्हणजे समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही. बरं. दहावी नापास माणसाला या वयात निबंध लिहायला बसवलंस. अक्षराला हसायचं नाही.

तर परत सगळं पहिल्यापासून सांगतो. नवीन पिढीचं गेमचं मशीन येणार आहे. कधी ते नक्की नाही, वर्ष दोन वर्षं धर. इथे गोडाऊनमध्ये सगळे बोलतात की या वेळी कंपनी दोन काढणार. एक मोठं, पूर्ण ताकदीचं. ते आपल्याकडे एक लाखाच्या घरात जाईल. दुसरं छोटं. ताकद निम्मी, किंमत पण निम्मी. कंपनीने अजून तोंड उघडलेलं नाही, सगळी हवा आहे, मान्य. पण मला विचारशील तर छोटं चालणार. आपल्या गाळ्यात तर शंभर टक्के चालणार.

का ते ऐक. माझं काम काय आहे तुला माहीत आहे. गिऱ्हाइकांनी परत केलेला माल उघडायचा, तपासायचा, जमला तर दुरुस्त करून परत खोक्यात घालायचा. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी असते, का परत केलं त्याची. विकत घेताना माणूस काहीही बोलतो गं, परत करताना खरं लिहितो. मोठ्या मशीनच्या चिठ्ठ्या मी वाचतो: फार तापतं. टीव्हीखाली मावत नाही. बायकोला न विचारता घेतलं. आत्ताच्या पिढीत एका कंपनीचं छोटं, कमी ताकदीचं मशीन आहे, मोठ्याच्या दहा चिठ्ठ्यांमागे त्याची एक. घेतलं की लोक गप खेळत बसतात.

आपले टीव्ही बत्तीस इंची. तासाचे पैसे देऊन खेळणारी पोरं चार फुटांवर बसतात. एवढ्यात कुणाला बारीक दिसतंय? लाइट कमी खातं. तापतं कमी. मे महिन्यात आपल्या गाळ्यात चार मशीनं चालू असली की पोरांचे टीशर्ट पिळले तर बादली भरेल.

आणि शेवटचं. बँकेत दोन लाख जमलेत. त्यात छोटी चार येतात. मोठी चार घ्यायची तर इथल्या कागदावर परत सही करायला लागेल, आणखी दोन वर्षांची. पंधरा जानेवारी शेवटची तारीख आहे. मशीन यायच्या आधी ठरवायचंय ते या सहीमुळे. म्हणून विचारत होतो, आणि तू म्हणालीस धंद्यातलं कळत नाही.

हितू

लालबाग
२ नोव्हेंबर

प्रिय हितू,

अक्षराला हसले नाही. आबांना वाचून दाखवलं तेव्हा ते ‘बायकोला न विचारता घेतलं’ इथे हसले.

मी बोलले ते चुकलं. तुला धंद्यातलं कळतं, गाळा तूच उभा केलास. पण तू गेल्यापासून पावणेदोन वर्षं शटर मी उघडते आहे, तेव्हा थोडं मलाही कळायला लागलंय असं धरून वाच.

तू चिठ्ठ्या वाचतोस, मी पोरं बघते. चार जण खेळतात आणि दहा मागे उभे राहतात. हे मागचे दहा फुकटे नव्हेत. उद्या तेच बसणार असतात. ते कशासाठी उभे राहतात, तर जे घरी नाही ते बघायला. परवा स्वप्नीलला विचारलं. तोच रे, गिरणीच्या जागी जो टॉवर झाला त्यातला. कॉलेजला गेला तरी अजून संध्याकाळी आपल्याकडेच पडीक असतो. त्याला प्रत्येक मशीनचे आकडे पाठ आहेत, अभ्यासाचे नाहीत. तो म्हणाला, वहिनी, छोटं घेणारा पहिलं वर्ष खूश असतो. मग भारी गेम येतात. ते त्याच्यावर पुसट दिसतात, अडखळतात, नाहीतर सहा महिने उशिरा येतात. मग तो मित्राकडे जाऊन खेळायला लागतो.

आता विचार कर. छोटं मशीन पन्नास हजाराला आलं, की जसं आपण घेणार तसं स्वप्नीलचे बाबाही घेणार. एक लाख म्हटलं की ते ओरडतात, पन्नासला हप्त्यावर घेऊन टाकतील. मग जे स्वप्नीलच्या हॉलमध्ये आहे ते बघायला तो आपल्याकडे पैसे का देईल? चाळीतल्या पोरांचं वेगळं. त्यांना मशीन फुकट दिलं तरी टीव्ही मिळणार नाही, सात ते दहा आयांच्या मालिका. ती येतीलच. पण नुसत्या त्यांच्यावर भाडं निघत नाही, हे तुलाही माहीत आहे.

आबांचं मत तुझ्या बाजूने आहे, तेही लिहिते. ते म्हणाले, गिरणीच्या गेटवर डागी आणि तुकड्यातला कपडा स्वस्तात मिळायचा तेव्हा अर्धं लालबाग रांगेत असायचं, अख्खा ताका घ्यायला कोण यायचं? मी म्हटलं, आबा, ती रांग अंगात घालणाऱ्यांची होती. आपलं दुकान बघायला येणाऱ्यांचं आहे. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं नाही.

तर माझं मत मोठी घ्यावीत. चार जमली नाहीत तर तीन, पण मोठी.

सहीचं आणि दोन वर्षांचं मी शेवटी लिहिणार होते. पान संपलं.

मेघना

शारजा
९ नोव्हेंबर

मेघना,

पान संपलं. वहीत एकच पान होतं काय?

मोठी घ्या म्हणजे हितू तिकडेच राहा. एवढं तुला कळत नाही असं मी मानणार नाही, तू माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. आबांचं लिहिलंस, स्वप्नीलचं लिहिलंस, त्याच्या बापाचं लिहिलंस. आपलं दोघांचं लिहायला जागा नाही.

तू दुकानाचं बरोबर लिहिलं असशील. मला राग त्याचाच येतोय.

इथे आमच्या खोलीला खिडकी आहे, समोर दुसऱ्या खोलीची भिंत. सहा जण आहोत. सकाळी मोकळा असतो, पाळी दुपारी तीनला लागते. सकाळचे ते तास जात नाहीत. मी घड्याळात दीड तास मिळवतो आणि बसतो, आता तू ओढणी कमरेला खोचली असशील, आता वाकून शटरचं कुलूप काढलं असशील, आता डंकावाल्याने मिरच्या कुटायला घेतल्या असतील आणि अख्खी गल्ली शिंकत असेल. इथे कुणी शिंकलं तरी मला बरं वाटतं. हसू नको.

चल, भांडून उपयोग नाही. मी एक काम केलंय. आत्ताच्या पिढीचं जे छोटं मशीन सांगितलं, ती परत आलेल्या मालात होती. दुरुस्त केलेली, स्टाफला स्वस्तात देतात. दोन घेतली. एक कार्गोने पाठवलंय, दहाएक दिवसांत मिळेल. ते आपल्या मोठ्या मशीनच्या शेजारी लाव आणि पंधरा दिवस बघ कोण बसतं, कोण उठतं. खरं काय ते लिही, माझ्या बाजूचं नको आणि तुझ्या पण नको. दुसरं माझ्याजवळ ठेवलंय, टाइमपासला. धम्मपालने पण दोन घेतली. धम्मपाल म्हणजे माझ्या वरच्या बेडवरचा, नायगावचा. एक स्वतःला, एक घरी पोरीला, श्रेयाला. आठ वर्षांची आहे. तो इकडे आला तेव्हा तीनची होती.

हितू

लालबाग
३० नोव्हेंबर

प्रिय हितू,

मशीन मिळालं. खोक्यात त्याच्याभोवती तू तुझा निळा शर्ट गुंडाळला होतास. तिकडे थर्माकोल मिळत नाही का? शर्ट धुतलेला नव्हता. मीही अजून धुतलेला नाही.

पंधरा दिवस नाही झाले, बारा झाले, पण चित्र स्पष्ट आहे. पोरांनी पहिल्याच संध्याकाळी त्याचं बारसं केलं: कटिंग. पूर्ण कप परवडत नाही त्याने घ्यायचं ते. चार दिवस नवलाई होती. पाचव्या दिवसापासून मोठ्या मशीनला नंबर लागलेले आणि कटिंग रिकामं. खरं सांगायचं तर चित्रात मला काही फरक दिसत नाही. त्यांनाही दिसत नसावा. पण त्याच्यावर बसलं की मागचे दहा जण चिडवतात, आणि मागे बघायला कुणी उभंही राहत नाही.

मग मी त्याचा दर अर्धा केला आणि टीव्ही दाराजवळ हलवला. आता गंमत ऐक. कटिंग भरलं, पण वेगळ्याच माणसांनी. कॉटन ग्रीनच्या गोदामातले दोघे हमाल दुपारच्या सुट्टीत येतात. इतकी वर्षं ते दारातून बघून जायचे. आणि समोरची बेबी मावशी, जिने पोरांच्या आवाजाची तक्रार घेऊन तीनदा आपल्या दारात येऊन तुझा उद्धार केला होता, ती आता चार वाजता येते आणि बोलिंग खेळते. एकदा बॉल गटारात गेला तर मला म्हणाली, तुझं मशीन वाकडं आहे.

म्हणजे ज्यांना खेळाचं वेड आहे त्यांना छोटं नको. जे जन्मात खेळले नाहीत ते छोट्यावरच बसतील. गिऱ्हाईक दोन्हीला आहे. पण आपलं भाडं पहिल्यांवर निघतं. म्हणून माझं मत तेच राहिलं. तू खरं लिही म्हणालास म्हणून लिहिलं.

आता दुकानाचं नाही ते. या वहीत ते लिहायचं नाही असं मीच ठरवलं होतं, पण हे फोनवर बोलता यायचं नाही.

त्या मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मशीन चालू केलं, गेम उतरवून ठेवायला. मित्रांच्या यादीत तुझं नाव होतं आणि शेजारी हिरवा ठिपका. तू तिकडे आत्ता, या मिनिटाला, बसलेला आहेस, हे त्या ठिपक्याने सांगितलं. मी गाडीच्या गेममध्ये बोलावलं आणि तू आलास. मला चालवता येत नव्हती, तू बघितलंसच. शर्यत लावायची सोडून तू पुढे हळूहळू जात होतास आणि मी दरीत गेले की वळणावर थांबून राहायचास. लग्नाआधी शीवच्या किल्ल्यावर तू असाच पुढे जायचास आणि प्रत्येक वळणावर थांबायचास. वर तोंडाने म्हणायचास, किती हळू चालतेस.

तेव्हापासून रोज सकाळी येतोस. उद्याही ये.

मेघना

शारजा
१४ डिसेंबर

मेघे,

बाजार सापडला.

मोठमोठे शिकलेले लोक इंटरनेटवर भांडतात की छोटं, कमी ताकदीचं मशीन कोण घेणार. कुणी म्हणतं गरीब घेईल, कुणी म्हणतं लहान मुलांसाठी घेतील. सगळे चुकतात, कारण ते एक मशीन मोजतात. छोटं मशीन एक घ्यायचंच नसतं. दोन घ्यायचं असतं. एक इथे, एक घरी.

आमच्या कॅम्पमध्ये बघ. आधी मी आणि धम्मपालने घेतली. मग केरळचा एक, त्याचा मुलगा फुटबॉलवाला आहे. मग दोघे नेपाळचे, मग पेशावरचा एक म्हातारा ड्रायव्हर, नातवासाठी. आजपर्यंत बावीस जणांनी जोड्या घेतल्या. बावीस. मोठ्याची जोडी कुणाला परवडते? आणि पुसट दिसतं म्हणून एकाने पण परत केलं नाही. पलीकडे आपलं माणूस चालवतंय म्हटल्यावर झाडाची पानं नीट दिसतात की नाही हे कोण बघतो गं? मी लेखी देतो, नवीन पिढीत छोटं निघालं तर धो धो खपेल, आणि ते आमच्यासारख्यांच्या जिवावर खपेल. मला सुपरवायझरने विचारलं तुला कुठून कळलं. म्हटलं, बायकोमुळे.

आणि म्हणून आता माझा विचार बदलला. गाळ्यासाठी तू म्हणतेस ते बरोबर, मोठीच पाहिजेत. मी सही करतो. आधी दोन वर्षं म्हटलं की मी कॅलेंडरची पानं मोजत बसायचो. आता रोज तुझे साडेदहा आणि माझे नऊ वाजले की तू आहेसच. काल तर तू मला मागे टाकून गेलीस आणि पुढच्या वळणावर थांबलीस. असे सातशे दिवस काय, आरामात जातील. चार मोठी मशीनं घेऊन येतो, लालबागच काय, दादरपासून पोरं येतील. सुपरवायझरला शब्द दिलाय, पंधराला कागद करू.

धम्मपाल सुट्टीवर तिकडे आलाय, सहा डिसेंबरला दरवर्षी दादरला चैत्यभूमीवर जायचं त्याचं ठरलेलं असतं, पण पाच वर्षांत त्याला सुट्टी मिळाली ती याच वेळी. त्याच्याबरोबर खजूर दिलेत. श्रेयाला घेऊन दुकानावर येईल. तिला अर्धा तास फुकट खेळू दे, माझ्या नावावर.

खूश ना?

तुझा हितू

शारजा
२८ डिसेंबर

मेघना,

नऊ दिवस ठिपका नाही. फोन केला की आई बरी, आबा बरे, जेवण झालं, आणि ठेवतेस. मशीन बिघडलं असेल तर फोटो पाठव, मी इथून सांगतो काय करायचं. धम्मपाल परत आला. त्याला विचारलं, दुकानावर गेलेलास काय, तर म्हणाला गेलो होतो, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. काय झालंय?

हितू

लालबाग
४ जानेवारी २०२६

प्रिय हितू,

मशीन चांगलं आहे. मी चालू केलं नाही.

धम्मपाल १८ तारखेला आला. तुझ्यापेक्षा शांत आहे, बोलताना पायाकडे बघतो. श्रेया दोन वेण्या घातलेली, बाकी गप्प. मी तिला कटिंगवर बसवलं, तो तिच्या शेजारी बाकावर बसला. तिने रिमोट हातात धरला पण सुरू करेना. मला वाटलं लाजते. मग ती त्याला म्हणाली, “पप्पा, तू इथे नको बसू. लांब बस. मग मी बोलवते, मग ये.”

तो हसला. मी पण हसले. पार्टिशनच्या पलीकडे शेवटचं मशीन मोकळं होतं, तो तिथे जाऊन बसला. तिने हेडफोन घातला आणि त्याला बोलावलं. त्याबरोबर ती पोर बोलायला लागली, हितू. शाळेत बाईंनी बाक बदलला ते, दात पडला ते, आजीला ऐकू येत नाही ते, जिन्यावर अंधारात भीती वाटते ते. सगळं. दोघांत आठ फूट अंतर आणि मध्ये प्लायवूड. मला तिचा आवाज कानाने ऐकू येत होता, त्याला हेडफोनमधून.

थोड्या वेळाने त्याला राहवलं नाही. तो उठून तिच्यापाशी आला आणि खांद्यावर हात ठेवला. ती लगेच गप्प झाली. अंग आक्रसून घेतलं, अनोळखी काकांनी हात लावल्यावर घेतात तसं. आणि स्क्रीनवर त्याची उभी राहिलेली गाडी दाखवून म्हणाली, “पप्पा थांबलाय तिकडे.”

निघताना धम्मपाल मला म्हणाला, वहिनी, हितूला सांगू नका. म्हणून सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं आणि मशीनच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबवेना. मला वाटलं, मी तरी वेगळं काय करते आहे? तुझा फोन आला की मी आवरतं घेते, सकाळी गाडीत भेटूच म्हणून. तू आजारी होतास मधे दोन दिवस, ते मी फोनवर ऐकलं आणि विसरले, कारण सकाळी तुझी गाडी नेहमीसारखी धावत होती. मी डोळे मिटून तुझा चेहरा आणायला गेले, तर आधी दोन लाल दिवे आले, मागून दिसतात ते.

तुझा बाजार खरा आहे. मला पटला. कंपनीने छोटं मशीन जरूर काढावं, बावीस नाही बावीस लाख जोड्या खपतील. त्यात वाईट काही नाही, ज्याला यायलाच जमत नाही त्याने काय करावं? पण त्या गिऱ्हाइकांत मला धरू नकोस. निम्म्या किमतीत निम्मा नवरा मिळतोय आणि चालतंय की, असं मीही महिनाभर म्हणत होते. गोडही लागत होतं. असंच गोड लागत राहिलं तर पुढची सही करताना तू कॅलेंडरसुद्धा बघणार नाहीस.

आता त्या संपलेल्या पानाचं. मोठी घ्या म्हटलं ते दुकानापुरतं खरं होतं, आजही आहे. पण तू ये म्हणायचं मी टाळलं. वाटलं, मी ये म्हटलं आणि गाळा बुडाला तर आयुष्यभर माझ्यामुळे झालं असं होईल. आणि तू? तुला यायचं होतं तर लाइट बिलाचं कशाला लिहीत बसलास रे? मशीनच्या आडून दोघंही बोलत राहिलो.

सरळ लिहिते. ये. दुकानाचं काय होईल मला माहीत नाही. नाही चाललं तर शटर ओढू, दुसरं काही बघू. या पानावर अजून पुष्कळ जागा आहे, पण मला एवढंच लिहायचं होतं.

मेघना

शारजा
१८ जानेवारी २०२६

मेघना,

तुझं पान मी चार दिवस कुणाला न दाखवता खिशात ठेवून फिरलो, म्हणजे फोनमध्ये. पहिल्या दिवशी राग आला. वाटलं, मी इथे मरमर करतोय आणि ही म्हणते निम्मा नवरा. दुसऱ्या दिवशी सवयीने नऊला मशीन लावलं. तू नव्हतीस. मी एकटाच त्या डोंगरातल्या रस्त्याने गेलो आणि प्रत्येक वळणावर थांबत होतो. तिसऱ्या वळणावर स्वतःचीच लाज वाटली. बंद केलं.

धम्मपालला मी काही विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, मशीद बंदरला वजन उचलणाऱ्या माणसासारखा एकेक शब्द खाली ठेवत. श्रेयाची शाळा आता कुठे चांगली मिळाली आहे, घरात कमावणारा तो एकटा. त्याने तेरा तारखेला सही केली. सकाळी अजून तो हेडफोन घालून बसतो. पण आता मधेच थांबवतो, फोन लावतो आणि तिला म्हणतो, तोंड दाखव, माझं बघ. ती कंटाळते म्हणे. तरी तो लावतो. त्याला मी चूक म्हणणार नाही. माझ्या मागे पोर नाही, आबांची पेन्शन थोडी का होईना आहे, आणि तू आहेस.

पंधराला सुपरवायझरने कागद पुढे ठेवला. पेन दिलं. मी पेन घेतलं पण, खोटं कशाला सांगू. तो म्हणाला, क्या हुआ, वो मशीन का बिझनेस करना था ना तेरे को? मी म्हटलं, साहेब, मशीन चलेगा, पक्का चलेगा. मेरे को घर जाना है. तो म्हणाला, पागल है. पेन परत दिलं.

सही नाही म्हणून बोनस गेला. करार एकतीस जानेवारीला संपतो, पण कंपनीचं तिकीट मिळणार मार्चमध्ये, त्यांची माणसं एकदम पाठवतात तेव्हा. दीड महिना बसून राहायचं, बिनकामाचं. मला ते जमायचं नाही, तू ओळखतेस. माझं मशीन खोलीत नवीन आलेल्या नेपाळच्या पोराला देऊन टाकलं. तो दुसरं घेऊन घरी पाठवणार आहे. बाजार चालूच राहणार.

गाळ्याचं मी रोज नवीन ठरवतो आणि रोज मोडतो. बँकेतल्या दोन लाखांना आत्ता हात लावू नको. नवीन पिढी येईल तेव्हा येईल, आपली जुनी मशीनं मी अजून दोन वर्षं ओढतो. पंखा साफ करणं, रिमोटची काडी बदलणं, सगळं इथे हातात बसलंय. बाहेरची पण दुरुस्तीला घेता येतील, टॉवरमध्ये प्रत्येक घरात एक तरी बिघडलेलं पडलेलं असतं. आणि ती नवीन आली की मोठं एक आणि छोटं एक, एवढ्याने सुरुवात करू. दोघांचं पण खरं ठरेल. बेबी मावशीला सांग, मशीन वाकडं नाही, तिचा हात वाकडा आहे. मी येऊन शिकवतो.

मला वाटतंय ते लिहायला गेलो की मशीनचंच लिहिलं जातं. तू समजून घे. आईला आत्ताच सांगू नको, रोज तारीख विचारून डोकं खाईल. तूच सांगायला मोकळी राहा, कुणाला सांगायचं ते.

तुझा हितू

ता. क. दर महिन्याला पस्तीस हजार पाठवतो, या वेळी कमी आहेत. तिकीट स्वतःच्या पैशाने काढलं, ३ फेब्रुवारी, सकाळचं विमान. ते काढून उरले तेवढे आज पाठवतोय, अकरा हजार सातशे रुपये.